भिंतीवरचं केळं आणि नाणेघाटातले पाय

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून अर्धा डझन धरणं आहेत, अष्टविनायकांपैकी दोन गणपती आहेत, द्राक्षं, कांदा, टोमॅटो आणि ऊस आहे, उसात बिबटे आहेत. पांढऱ्या भिंतींची, पिवळ्या दिव्यांची, आत शिरताच आवाज आपोआप खाली येतो अशी आर्ट गॅलरी मात्र कुठे दिसत नाही. ही उणीव भरून काढायचं माझ्या एका चित्रकार मित्राने मनावर घेतलं आहे. जुन्नरच्या पेठेत एक जुना वाडा त्याने हेरलाय. ओसरीवर चित्रं, माजघरात व्हिडिओ आणि चौकात जरा हटके असे ‘लाइव्ह परफॉर्मन्स’, असा बेत आहे. मुंबईत जहांगीर १९५२ साली उघडलं तेव्हा तिथल्या लोकांना तरी कुठे सवय होती, असं त्याचं म्हणणं. परवा त्याने फार गंभीर चेहरा करून विचारलं, “इथला प्रेक्षक अशा कलेला तयार आहे का रे?”

तयार? आमचा प्रेक्षक जरा जास्तच तयार आहे. अडचण तीच आहे.

मुळात गॅलरी ही आम्हाला नवी नाही. जुन्नरहून घाटघरमार्गे नाणेघाटात जा. घाटाच्या माथ्याला सातवाहनांनी दोन हजार वर्षांपूर्वी खोदलेलं लेणं आहे. त्याच्या मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती ओळीने कोरलेल्या होत्या आणि प्रत्येक मूर्तीच्या डोक्यावर नावाची पाटी: सिमुक सातवाहन, मग राणी नागनिका आणि राजा सातकर्णी, कुमार भाय, महारठी त्रनकयिर, कुमार हकुसिरी, कुमार सातवाहन. आज मूर्ती नाहीत. पाट्या आहेत, आणि पाट्यांच्या खाली, भिंतीच्या तळाशी, कुठे कुठे नुसते पाय उरलेत.

इव्ह क्लाइन नावाच्या फ्रेंच चित्रकाराने १९५८ साली पॅरिसमधल्या एका छोट्या गॅलरीतलं जवळजवळ सगळं सामान बाहेर काढलं, भिंती पांढऱ्या केल्या आणि ती रिकामी खोली हेच प्रदर्शन म्हणून जाहीर केलं. बघायला झुंबड उडाली, पोलीस आले. कलेच्या इतिहासात त्यावर पानंच्या पानं लिहिली जातात. नाणेघाटातली रिकामी भिंत त्याच्या कितीतरी आधीची, शिवाय तिच्यावर पाट्या आहेत. कोण नाहीये ते तरी नीट कळतं.

बाजूच्या भिंतींवर नागनिकेचा मोठा लेख आहे. कोणकोणते यज्ञ केले आणि कुठल्या यज्ञाला दक्षिणा किती दिली, गाई किती, घोडे किती, हत्ती किती, कार्षापण किती, सगळं आकड्यांनिशी. अभ्यासक या लेखासमोर ब्राह्मीतले जुने अंक बघायला थांबतात. आमच्याकडचा माणूस थांबतो तो ओळख पटल्यामुळे. कारण आमच्या प्रत्येक देवळाच्या सभामंडपात अशीच संगमरवरी फरशी बसवलेली असते आणि तिच्यावर रुपये ५००१ पासून खाली उतरत गेलेली नावं असतात. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी पडत असं सांगतात. म्हणजे दालन झालं, चित्रांखालच्या पाट्या झाल्या, देणगीदार झाले आणि तिकीटखिडकीही झाली. अभिप्रायाची वही तेवढी राहिली होती, ती पावसाळी पर्यटकांनी पुरी केली. उलट्या धबधब्याला यायचं आणि जाताना लेण्याच्या दगडावर स्वतःचं नाव, गावाचं नाव आणि बदामात कुणाचं तरी तिसरं नाव लिहून जायचं. या मंडळींना कुणीतरी नाणेघाटातच जकात लावायला हवी, तीही रांजणभर.

मित्राला हे सांगितलं तर म्हणाला, “हा वारसा झाला. मी समकालीन म्हणतोय.”

समकालीन म्हणजे काय, तर २०१९ साली मायामीच्या कलामेळ्यात मॉरिझियो कॅटेलान या इटालियन कलावंताने एक केळं चिकटपट्टीने भिंतीला चिकटवलं आणि त्याचे एक लाख वीस हजार डॉलर घेतले. २०२४ च्या नोव्हेंबरात त्याच कलाकृतीची एक प्रत न्यूयॉर्कला लिलावात बासष्ट लाख डॉलरला गेली आणि घेणाऱ्याने चार लोकांसमोर ते केळं सोलून खाल्लं. नारायणगावच्या टोमॅटो मार्केटात ही बातमी मी एका बागायतदाराला सांगितली. तो क्रेट मोजत होता. मोजणं न थांबवता म्हणाला, “केळं नुसतं की पट्टीसकट?” पट्टीसकट, म्हटलं. “मग बरोबर हाय. पॅकिंगला पैसा असतो.”

त्याला नवल वाटायचं कारणच नव्हतं. याच बाजारात २०२३ च्या जुलैत वीस किलोच्या क्रेटने दोन हजारांच्या वर उडी मारलेली त्याने पाहिली होती, आणि तोडणीची मजुरीसुद्धा सुटत नाही म्हणून तोच लाल माल रस्त्याच्या कडेला ओतलेलाही त्याने पाहिला होता. ओतलेल्या टोमॅटोचे फोटो पेपरात येतात. पांढऱ्या भिंतीच्या आत ओतले असते तर त्याला इन्स्टॉलेशन म्हटलं असतं आणि विमाही काढला असता.

बिबट्याचंही तसंच. योसेफ बॉइस हा जर्मन कलावंत १९७४ साली न्यूयॉर्कला गेला, विमानतळावरून नमद्यात गुंडाळून त्याला अँब्युलन्समधून थेट गॅलरीत नेलं आणि तिथे एका कोयोटीबरोबर, म्हणजे अमेरिकन कोल्ह्याबरोबर, तो तीन दिवस राहिला. अंगावर नमदा, हातात काठी. हे ऐकून आमच्याकडे लोक माणुसकीने विचारतात, “लाइट रात्रीची होती का त्याला?” कारण शेतीची वीज रात्री येते, पाणी रात्रीच धरावं लागतं, अंगावर घोंगडी, हातात काठी आणि खिशातल्या मोबाईलवर मोठ्याने लावलेली गाणी, असा माणूस उसाच्या कडेने वर्षानुवर्षं फिरतोय. माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे, तिथे जेरबंद झालेले राहतात. बाकीचे पिंजऱ्याबाहेर, कोणत्या सरीत ते कळत नाही. यात माणसं गेली आहेत, लहान पोरं गेली आहेत, त्या घरांसमोर हा विषय काढायचा नसतो. बॉइसच्या कोल्ह्याला तिसऱ्या दिवशी परत पाठवता आलं, फरक एवढाच.

आता प्रेक्षकाबद्दल. माझी आत्या आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातली, भातशेतीवाली. गुडघे दाखवायला पुण्याला आली होती. डॉक्टरांच्या वेळेला अवकाश होता, म्हणून तिला घेऊन मी जवळच्याच एका छोट्या दालनात शिरलो. बाहेर चपला काढायला लागल्या, त्यामुळे आत देव असणार अशी तिची समजूत झाली असावी, कारण तिने डोक्यावर पदर घेतला. आत जमिनीवर एक मुलगी पांढरे कपडे घालून बसली होती. समोर तांदळाची परात. ओंजळीत तांदूळ घ्यायचे, सावकाश जमिनीवर सोडायचे, गोळा करायचे, पुन्हा परातीत टाकायचे. असं तीन तास, एक शब्द न बोलता. भिंतीवर कागद होता, त्यात बाईच्या अदृश्य श्रमांविषयी आणि स्मृतीविषयी काहीतरी होतं. भोवती पंधरावीस माणसं हात मागे बांधून उभी. श्वाससुद्धा परवानगी काढून घेत होती.

आत्याने पाच मिनिटं पाहिलं. मग त्या शांततेत विचारलं, “पोरी, सूप न्हाई का घरात?”

पोरीला बोलायची बंदी. तिने मान वर केली नाही. आत्याला वाटलं, लाजतेय. ती गुडघ्यावर हात ठेवून “आई गं” करत खाली बसली, परात पुढे ओढली आणि म्हणाली, “आसं न्हाई निवडत. खडा राह्यला तर दात जातो.” मग तिने तांदूळ परातीच्या एका कडेला घेतले, तीन बोटांनी थोडे थोडे पुढे सारत खडे, तूस आणि काळे दाणे बाजूला काढायला सुरुवात केली. मुलगी बघत राहिली. थोड्या वेळाने तिनेही तीन बोटं लावली. आत्या सांगत होती आणि ती निवडत होती. लोकांनी मोबाईल काढले. माझ्या शेजारच्या दाढीवाल्या गृहस्थांचा आवाज दाटून आला होता. त्यांनी कुजबुजत विचारलं, “जबरदस्त आहेत या! कुठल्या ग्रुपच्या?”

“बचत गटाच्या,” मी म्हणालो.

निघताना आत्याने तिथल्या व्यवस्थापकाला विचारलं की हे तांदूळ शिजवणार केव्हा. पंधरा दिवस असेच मांडून ठेवणार, हे ऐकल्यावर तिने मान हलवली. “किडा लागंल. कडुलिंबाचा पाला तरी घाला.” तो पाला घातला की नाही मला माहीत नाही. घातला असेल तर कागदावरचा मजकूर बदलावा लागला असणार.

आमचा प्रेक्षक हा असा आहे. त्याला समोर काहीतरी चाललेलं दिसलं की त्यात आपलं काम काय, हे तो आधी शोधतो. लेण्याद्रीला तर माकडंसुद्धा नुसती बघत बसत नाहीत, हातातली पिशवी तपासतात. बहुरूपी पोलिसाचा वेश करून दुकानात शिरतो, वजनमापं बरोबर नाहीत म्हणून दुकानदाराला दंड ठोकतो, दुकानदार साहेब-साहेब करत हात जोडतो, दोघांनाही दोघांचं माहीत असतं, आणि शेवटी दहा-वीस रुपयांवर तडजोड होते. या प्रयोगाला निवेदन लागत नाही आणि पडदाही लागत नाही.

बैलगाडा शर्यतीच्या घाटात, म्हणजे धावपट्टीवर, बघा. थापलिंगच्या घाटात बारी सुटते ती काही सेकंदांत संपते. दिवसभर लोक उन्हात बसलेले असतात ते बारीइतकेच माईकवरच्या माणसासाठी. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, २०२१ च्या डिसेंबरात अंतरिम परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने शर्यतींना परवानगी देणाऱ्या कायद्यावर शिक्कामोर्तब केलं. या मधल्या सात वर्षांत बैलांचं काय झालं यावर पुष्कळ चर्चा झाली. निवेदकांचं काय झालं असेल, याची चौकशी कुणी केली नाही. एवढी मोठी वाणी घरात कशी मावली असेल, देव जाणे.

पण खरी गॅलरी पाहायची तर पाडव्याच्या सुमाराला नारायणगावला या. तमाशापंढरी म्हणतात ते उगीच नाही. पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला फडांच्या राहुट्या ओळीने लागतात. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा बोर्ड, मालकाचा फोटो, नाचणाऱ्या मुलींचे फोटो. आत गादी, तक्क्या, फडाचा मॅनेजर आणि त्याच्यापुढे तारखांची वही. गावोगावचे पंच जीपमधून येतात, टोप्या नीट करतात आणि एका राहुटीतून दुसऱ्या राहुटीत असे दिवसभर हिंडतात. पुण्या-मुंबईत याला ‘गॅलरी वॉक’ म्हणतात, तिथे सोबत गाइड असतो. इथे पंचच गाइड. त्यांना सगळ्या फडांची सात पिढ्यांची माहिती.

राहुटीतली बोलणी ऐकण्यासारखी असतात.

“अष्टमी द्या.”

“अष्टमी गेली.”

“मग चैत्री पौर्णिमा?”

“पौर्णिमा मागताय का माझं घर मागताय पाटील?”

“बरं, पंचमी. पण पोरी किती? गाड्या किती? वगात ट्रिकसीन हाय का?”

“दोन हायेत.”

“गेल्या साली शेजारच्या गावात तीन झाले.”

“त्यांचं ष्टेज मोठं व्हतं.”

यावर पंच एकमेकांकडे बघतात. शेजारच्या गावाचं स्टेज मोठं होतं, ही गोष्ट सहन होण्यासारखी नसते. सुपारी तिथेच वाढते. इसार दिला जातो, वहीत तारीख पडते, चहा येतो. तारखेप्रमाणे भाव बदलतो, एकाच फडाला एकाच रात्री दहा गावं मागत असतात. कलेला बाजारभाव कसा ठरतो याच्यावर मोठमोठे ग्रंथ लिहिणाऱ्यांनी इथे एक दिवस नुसतं कोपऱ्यात बसावं. चहा फुकट मिळतो.

मग यात्रेच्या रात्री ट्रक येतात, गावाबाहेरच्या रानात स्टेज उभं राहतं, गण होतो, गौळण होते, मावशी येते, रंगबाजी होते. वग लागेपर्यंत मध्यरात्र उलटते. पुढच्या रांगेत कुणीतरी उठतो आणि नोटेसोबत चिठ्ठी देतो. लगेच माईकवर त्याचं नाव, बापाचं नाव, गाव आणि रक्कम. पाठोपाठ त्याचा चुलतभाऊ उठतो, कारण बांधाचा वाद कोर्टात चालू आहे. वगातला राजा तलवार उपसून थांबलेला असतो, प्रधान पान खाऊन घेतो, आणि भाऊबंदकी संपली की राज्य पुढे चालू होतं. सकाळी पुन्हा हजेरी. तिथे रात्रभर जागलेले डोळे घेऊन गाव बसतं आणि रात्री वगात काय कमी पडलं ते कलावंतांना तोंडावर सांगतं. समीक्षा छापून यायला आठवडा लागत नाही.

न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात २०१० साली मरिना अब्रामोविच जवळजवळ तीन महिने रोज एका खुर्चीत गप्प बसून राहिली. समोरच्या खुर्चीत लोक येऊन बसायचे आणि तिच्या डोळ्यांत बघून रडायचे. मोठीच साधना, यात शंका नाही. आमच्याकडे बाईमाणूस तीन दिवस जरी गप्प बसलं तरी माहेरची जीप दारात उभी राहते. शरीर पणाला लावून केलेल्या प्रयोगाची गोष्ट निघाली की मात्र आमच्याकडचा कुणीही माणूस विठाबाईंचं नाव घेतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या, कळा आल्या तशा पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, नाळ दगडाने तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, असं सांगतात. प्रेक्षक खेळ सुरू करा म्हणून ओरडत होते. खरं काय ते कळल्यावर त्यांनीच हात जोडले. १९५७ आणि १९९० साली त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं गेलं. २००२ साली त्या गेल्या, त्या वेळी हातात पैसा नव्हता. आता राज्य सरकार त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देतं. या गोष्टीला विनोदाची जोड देता येत नाही, द्यायचीही नसते.

प्रदर्शन म्हटलं की पोराबाळांना आठवतं ते खोडद. तिथे महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या, पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. प्रा. गोविंद स्वरूप यांचं हे काम. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला ती लोकांना बघायला खुली होते आणि शाळांचं विज्ञान प्रदर्शन भरतं. गॅलरीत मोबाईल बंद ठेवा म्हणतात ते दुसऱ्याला त्रास नको म्हणून. इथे बंद ठेवायचा तो आकाशगंगेला त्रास नको म्हणून. आतल्या टेबलांवर थर्माकोलचे ज्वालामुखी, सुयांविना इंजेक्शनच्या नळ्यांवर चालणारे जेसीबी, आदर्श गावं. प्रत्येक टेबलामागे कडक इस्त्रीचा एक मुलगा. त्याला कुठलाही प्रश्न विचारा, तो “नमस्कार, माझे नाव” पासून सुरुवात करतो. मध्येच अडवलं तर पुन्हा पहिल्यापासून. मागे बाई उभ्या असतात, त्यांचे ओठ त्याच्याबरोबर हलत असतात. एका तबकडीखाली एका आजोबांनी तिथल्या शास्त्रज्ञाला विचारलेलं मी ऐकलं, “एवढी मोठी जाळी, पण पाणी साठत न्हाई. मग उपेग काय?” शास्त्रज्ञाने हसून फार छान समजावलं. आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे कान हाय.” यापेक्षा कमी शब्दांत ते सांगता येणार नाही, असं त्या शास्त्रज्ञाच्या चेहऱ्यावर दिसलं.

तेव्हा प्रेक्षकाची काळजी करू नकोस, असं मी मित्राला म्हटलं. काळजी कर उद्घाटनाची.

उद्घाटन कुणाच्या हस्ते, अध्यक्ष कोण, प्रमुख उपस्थिती कुणाची, निमंत्रक कोण आणि स्वागतोत्सुक कोण, हे ठरल्याशिवाय आमच्याकडे साधा रसवंतीगृहाचा चरक फिरत नाही. मंचर आणि नारायणगावच्या चौकांत जी फ्लेक्सची कायमस्वरूपी चित्रप्रदर्शनं चालू असतात, त्यांत तुझाही एक लागेल. त्यावर चाळीस-बेचाळीस पासपोर्ट फोटो, काळे चष्मे, कानाला मोबाईल, आणि खाली उजव्या कोपऱ्यात, फ्लेक्सवाल्याच्या नंबरच्या जरा वर, चित्रकार म्हणून तू. मंडळी दीड तास उशिरा येतील. समईची वात पंख्यामुळे लागणार नाही, पंखा बंद करायचा तर बटण सापडणार नाही. मग फेटे, शाल, श्रीफळ. फेटे कमी पडतील आणि ज्याला मिळणार नाही तो माणूस तुझ्या पुढच्या सगळ्या प्रदर्शनांत लक्षात राहील. भाषणं होतील, त्यांत धरणाचं पाणी येईल, कांद्याचा भाव येईल, कला येणार नाही. तुला वेळेअभावी दोन मिनिटं मिळतील. नंतर पाहुणे एका अमूर्त चित्रासमोर थांबतील आणि “हे कधी पुरं होणार?” असं विचारून गाडीत बसतील.

मित्र म्हणाला, एवढं काही होणार नाही, आपण साधाच कार्यक्रम करू, मोजक्याच लोकांना बोलवू.

वाड्याच्या भिंतींना अजून पहिला हातसुद्धा मारून झालेला नाही. पण ‘मोजक्याच लोकांना’ ही बातमी फुटली आहे. काल बाजारपेठेत एका मोठ्या असामीने मला गाठलं. चेहरा शांत होता, त्यावरूनच मी काय ते ओळखलं.

“आम्हाला बोलवणार न्हाई म्हणं तुमचे आर्टिस्ट? नका बोलवू. काही राग न्हाई. हायवेला आपला गाळा मोकळाच पडलाय. पुढच्या महिन्यात तिथं गॅलरीच टाकतो. पार्किंगसकट.”